चिकुनगुनिया मधल्या काळात गेला होता कुठे? बार्शी १९७३ पासूनची गोष्ट

पावसाळा लागला की दवाखान्यात एक ठरावीक चित्र दिसू लागतं. पेशंट भिंतीचा आधार घेत आत येतो, खुर्चीत बसताना "आई गं" म्हणतो आणि सांगतो, "डॉक्टर, ताप दोन दिवसांत उतरला, पण हे सांधे काही सोडेनात." सकाळी मूठ वळत नाही. तांब्या उचलवत नाही. जिना उतरताना रडू येतं. रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्यावर चिकुनगुनिया लिहिलेलं असतं. मग दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "हा चिकन खाल्ल्यानं होतो का?" आणि दुसरा, "आमच्या लहानपणी असले रोग नव्हते, हे नवीन कुठून आलं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कोंबडीचा आणि या आजाराचा काहीही संबंध नाही. नावातला 'चिकुन' वेगळा आहे, ते पुढे सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मोठं आहे. कारण हा रोग आपल्याकडे नवीन नाही. १९७३ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, त्याची मोठी साथ येऊन गेली होती. त्यानंतर जवळजवळ बत्तीस वर्षं भारतात त्याची मोठी साथ आली नाही. ही गोष्ट नीट समजली, तर घरातला पाण्याचा ड्रम दर आठवड्याला घासायला आम्ही का सांगतो, तेही समजेल.

नाव कुठून आलं?

१९५२ साली आफ्रिकेतल्या टांगानिका देशात, म्हणजे आजच्या टांझानियात, मकोंडे पठारावर एक विचित्र तापाची साथ आली. माणसं अचानक तापानं फणफणायची आणि सांधे असे धरायचे की सरळ उभं राहता येत नसे. तिथल्या मकोंडे भाषेत लोक या आजाराला जे म्हणत, त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा'. तोच शब्द पुढे चिकुनगुनिया म्हणून जगभर गेला. आर. डब्ल्यू. रॉस या शास्त्रज्ञानं रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला, आणि मॅरियन रॉबिन्सन व डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन यांनी १९५५ मध्ये या साथीची तपशीलवार हकिकत प्रसिद्ध केली.

त्या हकिकतीतली एक गोष्ट सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. मकोंडे पठारावर पाण्याचं दुर्भिक्ष्य होतं. लोक लांबून पाणी आणत आणि घरात भांड्यांत साठवून ठेवत. त्या साठवलेल्या पाण्यात एडिस इजिप्ती नावाचा डास वाढत होता. हाच तो अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास. डेंग्यूही तोच पसरवतो.

कोलकात्याहून बार्शीपर्यंत

भारतात हा विषाणू पहिल्यांदा १९६३ साली कोलकात्याच्या साथीत सापडला. १९६४ मध्ये मद्रास, वेल्लोर, विशाखापट्टणम, काकीनाडा या भागांत साथ आली आणि १९६५ मध्ये नागपुरात. नागपूरच्या त्या तापाच्या साथीत तपासणीसाठी गोळा केलेल्या रक्तातून आणखी एक अनोळखी विषाणू निघाला. त्याला नागपूरच्याच एका भागाचं नाव मिळालं, चांदीपुरा. लहान मुलांच्या मेंदूला इजा करणारा हा विषाणू सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीमार्फत पसरतो आणि अधूनमधून आजही बातम्यांत येतो.

हे शोध लागले, त्यामागे पुण्यातली एक संस्था होती. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. कोविडच्या काळात ज्या 'एनआयव्ही'चं नाव आपण रोज ऐकत होतो, तीच ही संस्था. डास, गोचीड, माशी यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधणं हेच सुरुवातीला तिचं मुख्य काम होतं.

मग आलं १९७३. बार्शीत घरोघरी माणसं तापानं आणि सांधेदुखीनं अंथरुणाला खिळली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला आणि तो १९७९ मध्ये छापून आला. त्यातला एक आकडा बोलका आहे. दर शंभर लोकांमागे सुमारे ३७ जणांना आजार झाला होता. पाच माणसांच्या घरात सरासरी दोघं आजारी, असा विचार करून बघा. सुगीच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी, एका बाजारपेठेच्या गावावर याचा काय परिणाम झाला असेल?

काळही लक्षात घ्या. १९७२चा दुष्काळ तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. पाऊस नसताना डास कमी होतात असं आपल्याला वाटतं. पण एडिस इजिप्तीला डबकं लागत नाही, गटार लागत नाही. त्याला माणसानं जपून ठेवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पाणी टंचाई असली की माणूस जास्त भांडी भरून ठेवतो आणि जास्त दिवस ठेवतो. बार्शीची साथ दुष्काळामुळेच आली असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण हा नुसता योगायोग असेल असं मला वाटत नाही.

विषाणूचं दुसरं घर

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

आपल्या शरीराची सगळी माहिती डीएनए नावाच्या लांब धाग्यावर लिहिलेली असते. चिकुनगुनिया, डेंग्यू, झिका, चांदीपुरा या विषाणूंकडे डीएनए नसतो, त्यांची माहिती आरएनए या धाग्यावर असते. चिकुनगुनियाचा धागा फक्त सुमारे १२ हजार अक्षरांचा आहे. माणसाचा तीनशे कोटी अक्षरांचा. शिवाय आरएनएची नक्कल करताना चुका भरपूर होतात आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा या विषाणूंकडे नसते. म्हणून ते भराभर बदलतात.

आपल्याला वाटतं की डास म्हणजे नुसती सुई. एकाचं रक्त ओढलं आणि दुसऱ्याला टोचलं. तसं नाही. आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर विषाणू आधी डासाच्या पोटाच्या आतल्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो, मग सगळ्या अंगभर पसरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथींत पोहोचतो. याला काही दिवस लागतात. त्यानंतर ती मादी चावली की लाळेबरोबर विषाणू आपल्या शरीरात जातो. म्हणजे डासालाही संसर्ग झालेला असतो, तोही मरेपर्यंतचा. पण डास आपल्यासारखा आजारी पडत नाही. त्याच्या पेशींत विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी एक यंत्रणा असते, जणू बारीक कात्री. ती विषाणूला संपवत नाही, पण आवाक्यात ठेवते. डासही जगतो, विषाणूही जगतो. ताप आणि सांधेदुखी वाट्याला येते ती आपल्या.

माणसाला अजिबात न होणारे, फक्त कीटकांमध्येच राहणारे आरएनए विषाणूही असंख्य आहेत. ते सापडायला सुरुवात झाली त्यातही पुण्याचा वाटा आहे. १९६७ साली पुण्याच्या केंद्रातल्या के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशी वेगळ्या करून त्या बाटलीत वाढवून दाखवल्या. १९७५ मध्ये व्हिक्टर स्टोलर आणि व्हर्जिनिया थॉमस या संशोधकांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या एडिस इजिप्तीच्या पेशींमधला द्रव सिंग यांच्या पेशींवर टाकला, तेव्हा सिंग यांच्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे मोठे गोळे झाले. कारण शोधलं तर त्या दुसऱ्या पेशींत एक विषाणू लपलेला निघाला. तो डेंग्यूच्या कुळातला होता, पण माणसाच्या किंवा प्राण्यांच्या पेशींत तो वाढतच नव्हता. फक्त डासाचा विषाणू! २०१६ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात कीटक, कोळी, गोगलगायी अशा बिनकण्याच्या प्राण्यांमध्ये एकदम १,४४५ नवे आरएनए विषाणू सापडले. त्यांचं जग त्यांच्यापुरतं आहे. माणसापर्यंत पोहोचणारे त्यातले मोजकेच.

सिंग यांच्या पेशींतूनच १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी 'सी६/३६' नावाचा वाण निवडून काढला. चिकुनगुनिया, डेंग्यू, झिका हे विषाणू वाढवायला आजही जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात. त्यात विषाणू इतके छान का वाढतात, याचं एक कारण अनेक वर्षांनी कळलं. या पेशींमधली ती कात्री बोथट झालेली आहे.

भारतातून गायब

परत बार्शीकडे येऊ. १९७३ नंतर काय झालं? काहीच नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली. चिकुनगुनियाची साथ आली नाही. पुण्याच्या संस्थेच्या संचालक डॉ. खुर्शीद पावरी यांनी १९८६ मध्ये लेखच लिहिला, विषय होता भारतातून आणि आग्नेय आशियातून चिकुनगुनियाचं नाहीसं होणं.

डास तर कुठे गेले नव्हते. डेंग्यू चालूच होता. मग हाच विषाणू का गेला? आफ्रिकेत हा विषाणू जंगलात माकडं आणि जंगली डास यांच्यात फिरत राहतो. माणसात साथ नसली तरी त्याचं तिथे चालतं. आपल्याकडे मात्र तो मुख्यतः माणूस, डास, माणूस एवढ्याच साखळीवर जगत होता. एकदा चिकुनगुनिया झाला की शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होते. गावातल्या पुष्कळ लोकांना तो होऊन गेला की डासाला विषाणू देणारं नवं रक्त मिळेनासं होतं. साखळी तुटते. साथ विझण्याचं हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे.

पण याचीच दुसरी बाजू आहे. १९७३ नंतर जन्मलेलं प्रत्येक मूल या विषाणूला कधीच न भेटता वाढत होतं. कोलकात्यात १९९०च्या दशकात रक्त तपासलं, तेव्हा शंभरातल्या जेमतेम चार जणांत या विषाणूची जुनी खूण सापडली, आणि तीही बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या लोकांत. रोग नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. खरं म्हणजे दरवर्षी नवं कोरडं सरपण रचलं जात होतं, फक्त ठिणगी पडायची होती.

यवतचे डास

पुणे-सोलापूर रस्त्यानं तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. पुण्याहून निघाल्यावर उरुळी कांचनच्या पुढे यवत लागतं. २००० साली एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी यवतमध्ये एडिस इजिप्ती डास पकडले, आणि त्या डासांमध्ये चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. साथ नव्हती, बोंबाबोंब नव्हती. डासात मात्र विषाणू होता.

पुढे त्याच्या आरएनएची अक्षरं वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. १९६३ पासून बार्शीपर्यंतचे भारतातले विषाणू एका कुळातले होते, त्याला आशियाई प्रकार म्हणतात. यवतचा विषाणू मात्र आफ्रिकी प्रकारातला होता. म्हणजे बार्शीचा जुना पाहुणा परतला नव्हता, त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ आपल्या दारात येऊन थांबला होता. त्याच आफ्रिकी प्रकारानं पुढे देशभर धुमाकूळ घातला.

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ सुरू झाली. तिथून ती हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. रियुनियन बेटावर साधारण एक तृतीयांश लोकांना आजार झाला. तिथे विषाणूच्या कवचातल्या एका प्रथिनात एकाच मण्याची अदलाबदल झाली, आणि एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात तो फार सहज वाढू लागला. आरएनए विषाणू चुका करतात असं वर म्हटलं, ती अशी एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते. २००७ मध्ये केरळच्या विषाणूतही हा बदल दिसला.

आपल्याकडे २००५च्या अखेरीस आंध्र प्रदेशात सुरुवात झाली. २००६ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र आणि इतर राज्यं मिळून सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. एकट्या महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूमुळे कोंबड्या मारल्या गेल्या होत्या. त्यामुळे 'चिकुन' आणि 'चिकन' यांची गल्लत लोकांच्या डोक्यात पक्की बसली असावी. ती अजून निघालेली नाही.

"सांधे दुखतात, जीव जात नाही" असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. पण अहमदाबादमध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत नेहमीच्या मानानं जवळपास तीन हजार मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. ते सगळे चिकुनगुनियानंच झाले असं सिद्ध होत नाही. पण म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार असणाऱ्यांत हा ताप हलक्यानं घेऊ नये, एवढं नक्की.

आता आपल्या घरात

या सगळ्या इतिहासात तीन गोष्टी कायम आहेत: विषाणू, डास आणि माणसानं साठवलेलं पाणी. विषाणू आपल्या हातात नाही. भारतात आज नेहमीच्या वापरात याची लस नाही. हातात आहे ते पाणी.

मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे. जुळे सोलापुरात काय किंवा गावठाणात काय, नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी "ओतून द्या" म्हणणाऱ्या डॉक्टरवर तुम्ही चिडणारच. मीही ते ओतून देणार नाही. म्हणून एवढं करा:

• हौद, बॅरल, टाकी यांना घट्ट झाकण लावा. झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचा तुकडा दोरीनं ताणून बांधा. मादीला आत शिरता आलं नाही तर अंडी घालता येत नाहीत.

• नळाला पाणी यायच्या आधी भांडं रिकामं होतं, ती वेळ साधा. नुसतं विसळू नका, आतल्या कडा काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. एडिसची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, ती पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या बाहेर येतात. आठवड्यातला 'कोरडा दिवस' यासाठीच असतो, कारण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

• जो हौद रिकामा करणं शक्यच नाही, त्यात गप्पी मासे सोडा. आरोग्य कर्मचारी अळीनाशक टाकायला आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

• कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं विसरू नका.

ताप आला तर

ताप आणि सांधेदुखी असेल तर डेंग्यू नाही हे डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या आणि मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. डेंग्यू असेल तर वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, ग्लानी यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला ताप आला तर तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण बाळाला संसर्ग होऊ शकतो.

बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत सुटतात. काहींना महिनोन्महिने त्रास होतो, विशेषतः चाळिशीनंतर आणि आधीपासून संधिवात असणाऱ्यांना. अशांनी "सहन करू" म्हणून बसून राहू नका. त्यावर उपचार आहेत.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ताप आल्यापासून पहिला आठवडा आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला आता डास चावून नवं काही होणार नाही. पण त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो, आणि त्याला चावलेली मादी काही दिवसांनी शेजारच्या घरात जाईल. १९७३ ला बार्शीत साखळी तुटली ती बहुधा शंभरातली कितीतरी माणसं आजारी पडून गेल्यावर. आपल्याला तीच साखळी एका मच्छरदाणीनं आणि हौदावरच्या फडक्यानं तोडता येते.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल आणि बार्शी भागातलं असेल, तर त्यांना १९७३च्या त्या तापाबद्दल एकदा जरूर विचारा. आणि उठून हौदाचं झाकण बघून या.